पाण्याखालची हिरवळ

सोपें तें हलकें आणि अवघड तें थोर, असा एक समज आपणां शिकल्यासवरलेल्या लोकांच्या मनांत फार खोल रुजलेला असतो. माझ्यासारख्या शिक्षकाचा धंदा करणाऱ्या मनुष्यानें तर हा समज वर्षानुवर्षें वर्गावर्गांतून वांटला आहे. सोपा विषय घेऊन चांगले गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याकडे आम्हीं किंचित् अनुकंपेनें पाहावें, आणि अवघड विषय घेऊन धडपडणाऱ्याची पाठ थोपटावी, असा आमचा शिरस्ता. या समजाची फेरतपासणी करण्याचा प्रसंग मजवर एखाद्या ग्रंथालयांत आला असता तर त्यांत नवल नव्हतें. पण तो आला माझ्याच दिवाणखान्यांतील दोन फूट लांबीच्या एका काचेच्या टाकीपुढें, आणि त्या टाकींत कोणतें गवत लावावें या वरवर पाहतां अगदीं पोरकट अशा प्रश्नावरून.

गवत हा शब्द येथें मी सैलपणें वापरीत आहें. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाचा ज्यांना नाद आहे ते लोक तळाच्या वाळूवर सतरंजीसारख्या पसरणाऱ्या बुटक्या वनस्पतींना ‘कार्पेट’ म्हणतात. त्यांत खरें गवत बहुधा एकही नसतें. केसासारख्या बारीक पात्यांचा एलिओकॅरिस हा लव्हाळ्याच्या कुळांतला. लिलिऑप्सिस हा नांवावरून कमळाचा नातेवाईक वाटला तरी वास्तविक कोथिंबिरीच्या आणि गाजराच्या गोतांतला. क्रिप्टोकोरीन हा अळवाचा भाऊबंद. आणि मार्सिलिया तर फुलें येणारी वनस्पतिच नव्हे, तो एक नेचा आहे. इतक्या निरनिराळ्या घराण्यांतील या मंडळींना एका पंक्तीस बसविणारा गुण एकच: माणसाच्या डोळ्यास त्या सगळ्या हिरवळीसारख्या दिसतात. म्हणजे हें वर्गीकरण निसर्गानें केलेलें नाहीं, तें आपल्या हौसेनें केलेलें आहे.

या हौसेला आजचें रूप दिलें तें जपानांतील निइगाता येथील ताकाशी आमानो या गृहस्थानें. हा मनुष्य (१९५४–२०१५) तरुणपणीं सायकलच्या शर्यतींत भाग घेणारा धंदेवाईक खेळाडू होता, पुढें छायाचित्रकार झाला, आणि १९८२ सालीं त्यानें जलवनस्पतींच्या मांडणीचा स्वतंत्र व्यवसायच सुरू केला. न्यूझीलंडकडील ग्लॉसोस्टिग्मा नांवाची इवलीशी वनस्पति तळाशीं पसरून त्यानें पाण्यांत जीं कुरणें उभीं केलीं, त्यांचीं छायाचित्रें १९९२ पासून पुस्तकरूपानें जगभर गेलीं. मरणाच्या वर्षीं, म्हणजे २०१५ सालीं, लिस्बन येथील मत्स्यालयांत त्यानें चाळीस मीटर लांबीची आणि १,६०,००० लिटर पाण्याची एक प्रचंड वनश्री मांडली. माझ्या धाकट्या मुलीनें हीं छायाचित्रें मला दाखविलीं तीं केवळ गंमत म्हणून. परंतु दृष्टि बिघडली ती माझी. आमच्या टाकींतील उघडी वाळू, जी वर्षभर मला कधीं खुपली नव्हती, ती त्या दिवसापासून दरिद्री दिसूं लागली.

जातां जातां एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. कातरलेल्या हिरवळीची आवड ही आपल्या मातीतली नव्हे. जेथें बारा महिने झिमझिम पाऊस पडतो त्या देशांत हिरवळ फुकट उगवते. आपल्या दख्खनच्या पठारावर ती चैत्राबरोबर करपते आणि नळाच्या पाण्यावरच जगते. आमच्या वडिलांच्या वाड्याचें अंगण शेणानें सारवलेलें असे, आणि त्याला कोणी उघडें म्हणत नसे. साहेबाच्या बंगल्यापुढची हिरवळ पाहून आपण अंगणांत हिरवळ लावली. आतां जपानी छायाचित्रें पाहून ती पाण्याखालीं लावूं लागलों. आवड उसनी असली म्हणून ती वाईट ठरत नाहीं. पण उसन्या आवडीचा खर्च कोण सोसतो हें विचारण्याची आपल्याला फारशी संवय नसते.

दुकानदार तरुण आणि प्रामाणिक होता. आमची टाकी साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर चौपन्न लिटरांची, आणि वाळू-दगड वजा जातां पाणी पंचेचाळीस लिटरांच्या आसपास. दिवा साधा. आंत नऊ निऑन टेट्रा मासे. एवढें ऐकून घेऊन तो म्हणाला, “सर, तुमच्या दिव्याला मार्सिलिया लावा. हळू वाढेल, पण टिकेल. पहिल्यांदाच लावताय, सोपी असलेली बरी.”

त्या ‘सोपी’ शब्दानें घात केला. त्याच फळीवर क्यूबा बेटांतून आलेली हेमिअँथस नांवाची वनस्पति होती. तिचें पान मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचें. पेल्यांतील तो हिरवा पुंजका मखमलीच्या तुकड्यासारखा दिसत होता. ती अवघड आहे, तिला भरपूर प्रकाश लागतो, पाण्यांत वायु सोडावा लागतो, हें त्यानें सांगितलें. मीं तीच घेतली. त्या क्षणीं माझ्या मनांत वनस्पतीविषयीं प्रेम होतें असें म्हणणें खोटेपणाचें होईल. सोपें तें दुसऱ्यांसाठीं, एवढेंच मनांत होतें.

तीन आठवड्यांत मखमलीला भोंकें पडलीं. खालचीं पानें पिवळीं पडून विरघळूं लागलीं, आणि उरलेले देठ वाळूंतून सुटून तरंगूं लागले. असें कां होतें हें समजावयास मोठें शास्त्र नको. वनस्पति ज्या वायूवर आपला देह उभारते तो कर्बाम्लवायु, हल्लींच्या भाषेंत कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षां पाण्यांत सुमारें दहा हजार पटींनीं सावकाश पसरतो. म्हणून पाण्यांतील पान नेहमीं अर्धपोटीं असतें. त्यांतून जी वनस्पति तळाला खिळलेली, तिच्यापर्यंत वरचा प्रकाश पाण्यांतून आणि इतर पानांच्या सावलींतून गाळून पोंचतो. जी सावकाश वाढते ती एवढ्यावर भागवून घेते. जिला भराभर पसरण्याची प्रकृति आहे तिला तें पुरत नाहीं. यावर उपाय एकच सांगतात. दिवा प्रखर करावा आणि नळकांड्यांतून कर्बाम्लवायूचे बुडबुडे पाण्यांत सोडावे.

मीं दोन्ही केलें. महिन्याभरांत हिरवळ सांधली, दोन महिन्यांत ती काचेपर्यंत येऊन भिडली. दिवाळीला पाहुणे यावयाचे होते. त्या आधीं मागचा एक कोपरा भरून निघावा म्हणून मीं बुडबुड्यांचा वेग दुप्पट केला. आणि दिवा मालवतांना वायूही बंद करावा अशी स्पष्ट सूचना असतां, तेवढीच वाढीला मदत होईल या अडाणी हिशेबानें, तो रात्रभर चालू राहूं दिला. अंधारांत वनस्पति वायु खात नाहींत. उलट आपल्यासारख्याच श्वास घेतात आणि तोच वायु बाहेर टाकतात. माशाच्या रक्तांतील हा वायु कल्ल्यांतून बाहेर जातो तो बाहेरच्या पाण्यांत तो कमी असेल तरच. पाणीच त्या वायूनें भारलेलें असलें म्हणजे तो रक्तांत सांचतो, रक्त आंबट होतें, आणि त्याची प्राणवायु धरण्याची शक्ति जाते. सकाळीं तीन मासे पृष्ठभागाशीं तोंड वर करून धापा टाकीत होते. सहा हिरवळीवर आडवे पडले होते. त्यांच्या अंगावरची ती प्रसिद्ध निळी रेघ विझली होती. हिरवळ मात्र त्या दिवशीं पूर्वीं कधीं नव्हती इतकी तजेलदार दिसत होती.

मुलगी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “बाबा, हिरवळ माशांसाठीं होती ना?”

या प्रश्नांत आरोप नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यावयाचें होतें. पण नीतिशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांत साध्य आणि साधन यांच्याविषयीं जें कांहीं मीं वाचलें आहे, तें सारें त्या एका वाक्यांत येऊन उभें राहिलें. टाकी घेतली ती माशांसाठीं. वनस्पति आणली ती टाकीसाठीं. पुढें दिवा वनस्पतीसाठीं, वायु दिव्याच्या जोडीला, आणि सरतेशेवटीं मासे त्या वायूच्या वाटेंत आले. या साखळींतील एकही दुवा दुष्टपणानें घडविलेला नव्हता. प्रत्येक पायरीवर मी कष्टच करीत होतों, पैसा खर्चीत होतों, पहाटे उठून पानें निवडीत होतों. आणि आपण कष्ट करीत आहोंत म्हणजे आपलें चुकत नसणार, अशी एक गोड समजूत मनाशीं बाळगून होतों.

येथें अवघडाच्या कैवाऱ्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण ती माझीच बाजू होती. ते म्हणतील, माणसानें आपल्या आवांक्यांतलेंच करावें असें ठरविलें तर गवयी रियाज करणार नाहीं, गणिती डोकें फोडणार नाहीं, गिर्यारोहक घराबाहेर पडणार नाहीं. गीतेंतील स्वधर्माचा उपदेशही आळशी लोकांनीं याच कामाला जुंपला आहे. ‘हें आपलें काम नव्हे’ असें म्हणावयास त्यासारखें भारदस्त निमित्त नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु गवई रियाज करतो तेव्हां घसा त्याचा बसतो. डोंगर चढणारा पडला तर हाडें त्याचीं मोडतात. तेथें अवघडाची किंमत अवघड निवडणाराच चुकवितो, आणि त्या सौद्यांत तिसऱ्याला बोलण्याचें कारण नाहीं. माझ्या टाकींत निवड माझी होती, शोभा माझी होती, आणि किंमत भलत्यानींच भरली. आपल्या मुलाला न झेपणारा अभ्यासक्रम त्याच्या गळ्यांत बांधून ‘आम्ही त्याच्यासाठीं किती कष्ट घेतों’ असें सांगणारे पालक दर जून महिन्यांत माझ्याकडे येतात. इतकीं वर्षें मी त्यांना दुरून हंसत आलों. यंदां हंसूं आलें नाहीं.

शिवाय ‘अवघड वनस्पति’ या शब्दांतच एक लबाडी आहे, ती माझ्या फार उशिरां लक्षांत आली. क्यूबांतील ओढ्याकाठीं हेमिअँथस मुळींच अवघड नाहीं. तेथें तिला कोणी वायूचें नळकांडें लावीत नाहीं. दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया ही आपल्या भारतांतही आढळणारी, बारीक पात्यांची वनस्पति हौशी लोक गालिच्यासाठीं लावतात आणि बहुधा गमावतात. तिचे कित्येक भाऊबंद आपल्या कासच्या पठारावर, जें २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे, जांभ्या दगडावरच्या मूठभर निकस मातींत पावसाळाभर फुलतात. माती निकस म्हणूनच त्यांनीं सूक्ष्म जीव धरून खाण्याची विद्या मिळविली आहे. त्यांच्या या नातेवाइकाला आपण टाकींत आणतों, खालीं खतावलेली सकस माती पसरतों, आणि ती कुजली म्हणजे ‘फार अवघड’ असा शेरा मारतों. अवघडपणा त्या रोपट्यांत नसतो. तें परक्या घरीं आलेलें असतें आणि यजमानाला त्याचा आहार ठाऊक नसतो, एवढेंच.

मत्स्यालयाच्या इतिहासांतही या दोन वृत्ति अगदीं आरंभापासून शेजारी शेजारी दिसतात. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८४९–५० च्या सुमारास एका पात्रांत सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति एकत्र ठेवली. वनस्पति माशांना प्राणवायु पुरवी. पण तिचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यानें तीं पानें खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या, आणि पाणी निवळलें. पात्र दिसतें कसें हा त्याचा प्रश्नच नव्हता. येथें कोण कोणाच्या आधारानें जगतो, हा त्याचा प्रश्न होता. पुढें फिलिप हेन्री गॉस यानें १८५४ सालीं मत्स्यालयावर पुस्तक लिहिलें आणि इंग्लंडांत घरोघर समुद्रजीव बाळगण्याची लाट उसळली. गॉस हा भाविक आणि निरागस निसर्गप्रेमी. परंतु त्याचा मुलगा एडमंड गॉस यानें १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनपर पुस्तकांत मोठ्या विषादानें लिहून ठेवलें आहे कीं, बापाच्या पुस्तकांनीं वेडावलेल्या संग्राहकांनीं किनाऱ्यावरचीं तीं खडकांतील कुंडें ओरबाडून ओसाड केलीं. ज्यानें त्यांवर सर्वांत अधिक प्रेम केलें त्याच्याच हातून हें घडावें! आपल्याकडे सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील नद्यांत राहणारा, अंगावर तांबडी रेघ मिरविणारा डेनिसनी मासा अशाच हौसेपायीं इतका पकडला गेला कीं आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते.

या विचारांती पुढें काय केलें तें सांगतों. शेवटीं रोपें लावलीं ती हातांनींच, सिद्धान्तांनीं नव्हे. मी पुन्हां त्या दुकानांत गेलों आणि दुकानदाराला म्हटलें, टाकी जशी आहे तशी धरून सांग. वायु नाहीं, दिवा साधा, सात तास. त्यानें प्रथम जावा मॉस दाखविलें. त्याला मुळें नसतात. जाळीच्या तुकड्यावर दोऱ्यानें बांधून तळाशीं ठेवलें कीं तें आपलें आपण दाट होतें. सॅजिटेरिया सुबुलाटा ही अमेरिकेकडील वनस्पति धावत्या देठांनीं भराभर पसरते, आणि नवख्यांना तीच लावा म्हणून सांगण्याची पद्धत आहे. पण ती केव्हां चार बोटांवर थांबेल आणि केव्हां फूटभर वाढेल याचा नेम नाहीं, आणि आमच्या टाकीची उंचीच मुळीं फूटभर. अर्जेंटिनाकडील माँटे कार्लो हेमिअँथसपेक्षां पुष्कळ सोशिक असतें, तरी तेंही थोड्या प्रकाशांत खालीं पसरण्याऐवजीं उभें चढूं पाहतें. सरतेशेवटीं पुढच्या भागांत मार्सिलिया आणि दगडांच्या सावलींत क्रिप्टोकोरीन पर्व्हा, असें ठरलें. दोन्ही प्रयोगशाळेंत पेल्यांतून वाढविलेलीं, कोणाच्या ओढ्यांतून उपटलेलीं नव्हेत, हें मीं मुद्दाम विचारून घेतलें.

क्रिप्टोकोरीन पर्व्हा ही श्रीलंकेंतील, आपल्या वंशांत सर्वांत ठेंगणी. ती लावली कीं आधीं आपलीं जुनीं पानें टाकून देते, आणि अननुभवी मनुष्य ती मेली म्हणून उपटून फेकतो. वस्तुतः ती नव्या पाण्याचा अंदाज घेत असते. मग महिन्याला एखाद-दुसरें पान. मार्सिलियाचें त्याहून गंमतीचें. बाजारांत मिळणारी जात ऑस्ट्रेलियाची. पण तिची सख्खी बहीण आपल्या भातखाचरांत उगवते, आणि जुन्या वैद्यकांत तिला सुनिषण्णक असें डौलदार नांव आहे. हवेंत तिच्या देठावर चार पाकळ्यांचें पान येतें. पाण्याखालीं गेली कीं ती हा थाट सोडून एकेकच साधें पान काढते. दीड-दोन बोटांच्या अंतरानें मीं तिचे लहान लहान जुडगे रोवले. पहिले सहा आठवडे कांहींच घडलें नाहीं. सातव्या आठवड्यांत काचेशीं वाळूखालून एक पांढुरका देठ सरकतांना मुलीनें पाहिला. वर्ष झालें, हिरवळ अजून टाकीच्या निम्म्या भागांतच आहे, आणि उरलेली वाळू उघडी दिसते. ते तीन मासे जगले, त्यांना आतां पांच सोबती आहेत. उघड्या वाळूवर ते अधिक रमतात असें मला वाटतें. पण हा कदाचित् अपराध्यानें स्वतःचें केलेलें समाधानही असेल.

इतकें झाल्यावर सोप्याची निवड केली म्हणजे सुटलों, असें मी मानूं लागलों होतों. जावा मॉस थोडेंसें हौसेनें घेतलें होतें, तें आतां माजलें होतें. एके रविवारीं मीं तें कातरलें, मार्सिलियाचे वाढीव देठ काढले, आणि ती बादली घेऊन परसाकडे निघालों. आमच्या कुंपणामागून एक नाला वाहतो आणि पुढें मुठेला मिळतो. बादली उलटी करावयाची, एवढेंच काम. मुलगी म्हणाली, “जलपर्णीही अशीच कुणीतरी टाकली असेल ना?”

असेंच झालें आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांवर लुब्ध होऊन लोकांनीं ती बंगालच्या तळ्यांत शोभेसाठीं आणली. आज मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांच्या पुलांवरून जाणाऱ्या कोणालाही ती दाखवून द्यावी लागत नाहीं. पाण्यावर असें हिरवें छप्पर पडलें म्हणजे खालचा प्रकाश आणि प्राणवायु दोन्ही तुटतात, आणि मासे मरतात. तीही सोपीच वनस्पति आहे. जगांत तिच्याइतकी सोपी दुसरी क्वचितच असेल. जिला आपली गरज लागत नाहीं तिला आपला धाकही नसतो. क्यूबाची ती नाजूक मखमल नाल्यांत टाकली असती तर दोन दिवसांत मेली असती; मीं सोपी म्हणून विश्वासानें घरांत घेतलेलीं हींच कुंपणापलीकडे जगूं शकणारीं आहेत. अवघड रोपट्याला जगविण्याची जबाबदारी आपल्यावर असते, आणि सोप्याला आवरण्याची. ही दुसरी जबाबदारी दुकानांत कोणी सांगत नाहीं, आणि मीही विचारली नव्हती.

बादली गच्चीवर नेली. कातरलेलें सारें वर्तमानपत्रावर पसरून चार दिवस कडक उन्हांत वाळविलें, आणि मग गुलाबाच्या कुंडींत खत म्हणून घातलें. आतां दर महिन्याला हाच क्रम असतो. मार्सिलियाचा एक जुडगा तेवढा मुलीनें वाळवूं दिला नाहीं. तो तिनें मातीच्या एका परळांत, बोटभर पाण्यांत लावून गच्चीच्या कठड्याशीं ठेवला आहे. हवा लागतांच त्याला पुन्हां चार पाकळ्यांचीं पानें येऊं लागलीं. दिवेलागणीला तीं मिटतात, आणि आज किती मिटलीं तें ती वर जाऊन मोजून येते.